तिसऱ्या ओळीला थांबणारा अंगठा

लेक गार्डन्स, कलकत्ता
९ जुलै २०२३

शरू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत नाही.

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन दाराखालून सरकवून गेला. दाराची घंटा बिघडली आहे, त्यामुळे कोण आलं नि कोण गेलं याचा पत्ता लागत नाही. दुरुस्तीवाला येतो म्हणाला आहे. कधी ते त्यालाच माहीत.

तीन पानांतलं दीड पान तू मी फोन का उचलत नाही यावरच घालवलंस. सांगून झालंय. फोनवर तुझं बोलणं तुटतं, मला अर्धं कळतं, उरलेलं मी मनानं भरते आणि मग तुझा बाप पुण्याहून घाबराघुबरा होतो. मोबाइलवरची ती बारकी अक्षरं माझ्याच्यानं वाचवत नाहीत. तेव्हा कागदावर लिही. मी चौथीपर्यंतच शिकले, पण चौथीपर्यंत आमच्या नागपूरला अक्षर घोटून घेत. तुझं अक्षर बघून वाटतं की कोंबडी शाईतून चालत गेली. कलकत्त्यात जन्मलीस, शाळेत मराठी नव्हतं, म्हणून माफ.

मकाऊला रस्त्याच्या पाट्या पोर्तुगीजमध्ये आहेत आणि पोर्तुगीज बोलणारं कोणी भेटत नाही असं लिहितेस. मग तू योग्य जागी पोचलीस. तूही त्याच भाषेत गातेस आणि बोलायची वेळ आली तर पाणी मागता येणार नाही तुला.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. सहा महिन्यांचा करार, पसंत पडलात तर पुढे वाढवणार, हे मी विसरलेली नाही. सहा वर्षं तुम्ही दोघं माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून ते ब्राझीलचं बोसा नोव्हा आणि ते जॅझ घोटत होतात. मिळालं काय, तर पार्क स्ट्रीटच्या एका हॉटेलात शुक्रवारचे दोन तास, कोणाच्या लग्नात एक संध्याकाळ, आणि गार्डन रीचच्या रेल्वे क्लबात एकदा, तेही तुझ्या आजोबांच्या जुन्या ओळखीवर. आता कुठे नुसतं गाऊन-वाजवून जगायची सोय झाली. हे टिकलं तर जोडी टिकेल. नाही टिकलं तर मृणाल बजबजला आईच्या घरी पोरांना गिटार शिकवेल आणि तू परत सॉल्ट लेकच्या ऑफिसात गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून बसशील. मग तुमची ती ‘बजबज लोकल’ कायमची यार्डात. नाव मीच ठेवलं होतं, तो त्या गाडीनं रोज तासभर उशिरा यायचा म्हणून चिडून. तुम्ही ते बोर्डावर लावाल असं वाटलं नव्हतं.

व्हिडिओ पाहिला. खालच्या मजल्यावरची नूपुर शाळा सुटल्यावर वर आली आणि तू ठेवून गेलेल्या त्या गोल स्पीकरवर लावून दिला. साडी चांगली दिसते. पण गातेस किती हळू! घसा बसलाय का? समोरच्या माणसापर्यंत पोचतं तरी का? माझ्यापर्यंत नाही पोचलं.

मृणालला म्हणावं, दाढी काढ.

आजी


मकाऊ
३० जुलै २०२३

आजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या चार ओळी चारदा.

हे गाणं असंच गायचं असतं, आजी. शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी सांगावं तसं. मोठ्यानं गायलं तर ते दुसरंच काहीतरी होतं. पण हे मी तुला काय सांगू? सहा वर्षं तू समोर बसून भाजी निवडायचीस. सूर लागला नाही की मान वर न करता म्हणायचीस, ‘परत.’ हळू गाते असं एकदाही म्हणाली नाहीस. मग आताच का? खरंच माझा आवाज गेलाय का?

इथली लॉबी बघशील तर हसशील. मध्ये कारंजं, बाजूला माणसं चाकांच्या बॅगा ओढत जातात. फरशीवर त्या चाकांचा केवढा आवाज! कोणी ऐकत नाही. परवा एक म्हातारे गृहस्थ तीन गाणी होईपर्यंत बसले. नंतर कळलं की त्यांची खोली तयार नव्हती. बोर्डावरचं ‘बजबज लोकल’ कोणाला वाचता येत नाही. मॅनेजर आम्हाला ‘बजी’ म्हणतो.

खरी गोष्ट सांगते. मॅनेजर महिनाभर मागे लागलाय की आवाज वाढवा. त्याला लॅपटॉपवर तयार ट्रॅक लावून हवाय, ड्रम आणि बास सगळं त्यातच, म्हणजे लॉबी भरेल. मी त्यावर मोठ्यानं गायचं आणि मृणालनं त्याच्या वरून थोडं वाजवायचं. मृणाल नाही म्हणतो. म्हणतो, ट्रॅक लावला तर मी इथे कशाला? मला काही कळत नाहीये. करार वाढणार की नाही ते सप्टेंबरात ठरेल.

तू कधीच मन राखायला छान म्हणत नाहीस. म्हणून तुलाच विचारते. नूपुरच्या फोनवर नवा व्हिडिओ पाठवलाय. नीट ऐक आणि सांग. तू म्हणशील ते मी करीन.

मृणाल नमस्कार सांगतो. दाढी काढणार नाही म्हणतो.

शरू


लेक गार्डन्स
१८ ऑगस्ट २०२३

शरू,

नवा व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला.

तुला आठवतं का, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तुमचा पहिला कार्यक्रम झाला होता? पुढे सगळी जुनी मंडळी, बायका शालूत. तू गायला लागलीस आणि दोन ओळी झाल्या नाहीत तोच मागून ओरडा सुरू झाला, ‘आवाज! आवाज!’ मग सेक्रेटरी धोतर सावरत स्टेजवर आले, माईकवर टिचक्या मारल्या, फुंकर मारली, आणि म्हणाले, ‘माफ करा, माईक बिघडला आहे, कलाकारांचा दोष नाही.’ मृणाल हसून गिटारवर आडवा झाला होता. माईक बदलला तरी तू तशीच. तिसऱ्या गाण्याला अर्धी माणसं प्रसादाच्या रांगेत.

तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, त्या माणसांचंही बरोबर होतं. पुढच्याला ऐकू गेलं नाही तर गाऊन उपयोग काय? नव्या व्हिडिओतही तेच. ओठ हलताना दिसतात, बाकी काही नाही. मॅनेजर हॉटेल चालवतो, त्याला कळत असेल. मोठ्यानं गा. मशीन लावायचं तर लाव. मृणालची समजूत घाल, तो ऐकेल. करार हातचा जाऊ देऊ नकोस.

मला दुसरं काही विचारू नकोस. विचारलंस ते सांगितलं.

इकडे ठीक. गुडघे आहेत तसेच. मंडळात या महिन्यात गेले नाही. गेलं की सगळ्या एकदम बोलतात.

घंटेवाला अजून आला नाही.

आजी


मकाऊ
१० सप्टेंबर २०२३

आजी,

तू म्हणालीस तसं केलं. आठवड्यापासून ट्रॅक लावतो आहोत. मी मोठ्यानं गाते. माणसं वळून बघतात. मॅनेजर खूश आहे, करार मार्चपर्यंत वाढला. म्हणजे बजबज लोकल यार्डात गेली नाही, बघ.

व्हिडिओ पाठवते. यात मी एकटीच दिसते कारण कॅमेरा फार जवळ होता. मृणाल बाजूलाच आहे. त्याला जरा सर्दी झाली आहे. नमस्कार सांगतो.

आता पोचतं का तुझ्यापर्यंत?

शरू


लेक गार्डन्स
२ ऑक्टोबर २०२३

मृणाल,

हे पत्र बजबजच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तू मकाऊत नाहीस. कोणी सांगितलं म्हणून नूपुरला जाऊन विचारू नकोस. कोणी सांगितलं नाही. तुला देवनागरी वाचता येते, शाळेत हिंदीला छत्तीस मार्क होते असं तूच सांगायचास. मराठी तुला माझ्या स्वयंपाकघरातून येते. तेवढं पुरे.

आता नीट वाच, कारण हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. मला ऐकू येत नाही. मागच्या हिवाळ्यात डावा कान गेला, होळीपर्यंत उजवा. गार्डन रीचच्या रेल्वेच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरनं तपासलं, यंत्र लावून बघितलं आणि शेवटी पाटीवर लिहून दाखवलं की यंत्राचाही उपयोग होणार नाही. मी म्हटलं, बरं. तुम्ही एप्रिलात निघालात तेव्हा तुम्हा दोघांचं बोलणं मी ओठ बघून ओळखत होते. शरूला कळलं असतं तर ती विमानात बसली नसती, आणि तुमची जी एक संधी आली होती ती माझ्या कानांपायी गेली असती. तिच्या बापाला कळलं असतं तर त्यानं मला उचलून पुण्याला नेलं असतं. म्हणून गप्प राहिले. नूपुरला कळलं आहे, तिला माझी शपथ घातली आहे.

मग तू तिथे नाहीस हे मला कसं कळलं, तर ऐक.

तू सहा वर्षं गिटारची कड माझ्या टेबलाला टेकवून बसायचास. मी टेबलावर हात ठेवून पुईशाकाची भाजी निवडायची. तुझी बाकीची बोटं काय करतात ते मला कधी कळलं नाही, पण अंगठा लाकडातून माझ्या मनगटापर्यंत यायचा. धप्, धप्, सावकाश, कोणी चपला घालून घरात फिरावं तसा. आणि तिसऱ्या ओळीला तू थांबायचास. लहानपणी शरूला दमा होता, तिला तिथे श्वास लागतो, बरोबर तिथे तुझा अंगठा अर्धं पाऊल मागे राहायचा. ती खांदा उचलायची आणि तू थांबायचास. कान गेले तेव्हा मला आधी कळलंच नाही, कारण अंगठा येत होता.

मग तिचे व्हिडिओ येऊ लागले. ऐकू तर काही येईना. मी तो गोल स्पीकर मांडीत धरून बघायची. पहिल्या दोन व्हिडिओंत तू होतास. तिचा खांदा वर गेला की स्पीकरही थांबायचा. या नव्यात तिचा खांदा वर जातो आणि स्पीकर माझ्या शिवणाच्या मशीनसारखा धावतच राहतो. तिनं श्वास घेतला काय नि जीव सोडला काय, त्याला पर्वा नाही. सर्दी झालेला माणूसही असं वाजवत नाही. तिथे माणूसच नाही.

काय झालं ते लिही. गोड करून लिहू नकोस.

आजी


बजबज
९ ऑक्टोबर २०२३

आजी, नमस्कार.

तुमचं पत्र आईला दाखवलं. ती रडली. मी नाही. तुम्ही म्हणाला असता, रडून काय होणार.

मराठी जसं तुमच्या घरी ऐकलं तसं लिहितो. चूक असेल तर माफ करा.

मॅनेजर आवाज वाढवा म्हणत होता ते खरं. पण शर्वरी त्याचं ऐकत नव्हती. दोन महिने तिनं त्याला नाही म्हटलं. मी नाही म्हणत होतो तेव्हा तीही माझ्याबरोबर होती. मग तुमचं पत्र आलं. ती ते घेऊन जिन्यात बसली होती. मला म्हणाली, आजी म्हणते मोठ्यानं गा, मशीन लाव. मी म्हटलं, आजी असं म्हणणार नाही. तिनं पत्र दाखवलं. तुमचं अक्षर होतं.

मी म्हटलं, मग आजीचं चुकलं. त्यावर ती खूप रागावली. म्हणाली, जगात एक माणूस माझ्याशी खरं बोलतं, आणि तू त्याला खोटं म्हणतोस? मी चार दिवस ट्रॅकबरोबर वाजवलं. ट्रॅक थांबत नाही. तिला श्वास मिळेना, ती ओळ अर्धी गिळायची. मी थांबलो तर मी चुकलो असं दिसायचं. पाचव्या दिवशी मी गाण्याच्या मध्येच गिटार खाली ठेवली आणि खोलीवर गेलो. दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. ती विमानतळावर आली नाही.

तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत असतं तर मी तिला सांगितलं असतं, आजीनं ऐकलंच नाहीये. मग हे झालं नसतं. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुम्ही म्हणालात गोड करू नकोस.

इथे मी संध्याकाळी शिकवतो. सकाळी सियालदहला जाऊन तारा आणतो. गिटार ठीक आहे.

मी तिला काही कळवणार नाही. ते तुमचं आहे.

मृणाल


लेक गार्डन्स
२० ऑक्टोबर २०२३, षष्ठी

शरू,

हे पत्र बसून वाच. जिन्यात नको, खुर्चीवर.

मी बहिरी झाले आहे. ठार. हिवाळ्यापासून. तुझा एकही व्हिडिओ मी ऐकलेला नाही. हळू गातेस असं मी लिहिलं ते खोटं होतं. हळू गातेस की मोठ्यानं, मला काय ठाऊक? काही ऐकू येईना, आणि काही ऐकू येत नाही असं लिहायचं नव्हतं, तर म्हटलं दोष तुझ्यावर टाकावा. पहिल्यांदा सहज टाकला. दुसऱ्यांदा तू विचारलंस, तू म्हणशील ते करीन म्हणालीस, तेव्हा मला खरं लिहिता आलं असतं. पत्र समोर ठेवून दोन दिवस बसले होते. मग खोटंच लिहिलं.

का, ते सांगते. तू धावत आली असतीस. तुझा बाप आला असता. मला पुण्याच्या त्या दहाव्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं, जिथे मला कोणी ओळखत नाही आणि मी कोणाला ऐकू शकत नाही. मला माझं घर हवं होतं. तुझं भलं बघते आहे असं मी मनाला सांगत होते, पण अर्धा हिस्सा माझाच होता. अर्ध्याहून जास्त असेल.

मृणाल बजबजला आहे हे मला माहीत आहे. तो का गेला तेही माहीत आहे. सर्दीचं नाटक पुढे नको. तो म्हणाला की आजी असं म्हणणार नाही, त्याचं बरोबर होतं. तुझी जोडी मॅनेजरनं मोडली नाही. मी मोडली, चौथी पास बाईनं, दोन ओळींत.

तुला विचारायचंच असेल तर आता खरं सांगते. जोवर ऐकू येत होतं तोवर तुझा आवाज जितका हवा तितकाच होता. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला पोचेल इतका. मला पोचत होता. वाढवू नकोस.

खाली दुर्गापूजेच्या मंडपात ढाक बडवायला लागले आहेत असं नूपुर म्हणते. मला फक्त तळपायाला समजतं. फरशीवर अनवाणी उभी राहिले की येतात.

यायची घाई करू नकोस. रागव. ते तुझं आहे.

आजी


मकाऊ
१२ नोव्हेंबर २०२३

आजी,

रागावून बघितलं. जमत नाही तुझ्यावर, आणि जातही नाही.

तू बहिरी झालीस याचं मला वाईट वाटायला हवं. वाटतंही. पण आधी दुसरंच आठवतं. मृणाल बॅग भरत होता आणि मी दारात उभी राहून त्याला म्हणाले, आजीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.  तो बॅगेचा पट्टा बांधत राहिला. तेच शेवटचं.

आई गेल्यापासून मी काहीही गायले की आधी तुझ्याकडे बघते. सतरा वर्षं. इथे तू नव्हतीस म्हणून तुझ्या पत्रांकडे बघत होते. आणि तिकडे कोणीच ऐकत नव्हतं. हे मला रोज संध्याकाळी लॉबीत उभं राहिल्यावर आठवतं. मी मोठ्यानं गाते आणि आठवतं.

बाबांना कळवलं आहे. मला कळवणं भाग होतं.

आता काही दिवस मी लिहिणार नाही.

शर्वरी


लेक गार्डन्स
१७ डिसेंबर २०२३

शरू,

लिहिणार नाहीस म्हणालीस म्हणून महिनाभर मीही लिहिलं नाही. पण न लिहिण्याचं तू ठरवलं आहेस, मी नाही.

तुझा बाप येऊन गेला. दोन दिवस माझ्यासमोर वहीत लिहून बोलत होता. एवढी वर्षं त्यानं कधी पत्र पाठवलं नाही, आता एका बैठकीत अर्धी वही भरली. पुन्हा एप्रिलात येतो, तेव्हा घेऊन जातो म्हणतो. मी वहीत लिहिलं, बघू.

थंडी पडली आहे. टेबलावर हात ठेवून भाजी निवडते. काही येत नाही.

आजी


लेक गार्डन्स
४ फेब्रुवारी २०२४

शरू,

तू पत्र टाकलं असशील आणि वाटेत हरवलं असेल असं मी स्वतःला सांगत नाही. टाकलं नसशील.

मृणालला दोनदा लिहिलं की रविवारी जेवायला ये, गोळाभात करते. त्यानं उत्तर दिलं, ‘आत्ता नको, आजी.’ बरं झालं. तो एकटा येऊन बसला असता तर मला आवडलं नसतं, आणि हे कळायला तो यायची गरज नव्हती.

करार मार्चमध्ये संपतो ना? पुढे कुठे जाशील ते कळव. पत्ता तरी.

आजी


लेक गार्डन्स
११ मार्च २०२४

शरू आणि मृणाल,

काल नूपुर धावत वर आली. फोनवर व्हिडिओ आला होता. सोबत अक्षर नाही, नाव नाही, काही नाही. मी म्हटलं, लाव.

गच्ची आहे. कठड्यावर कपडे वाळत आहेत. मागे नदी, आणि नदीच्या काठाला तेलाच्या त्या पांढऱ्या गोल टाक्या. मी बहिरी आहे, आंधळी नाही. बजबज आहे ते. मृणालच्या आईच्या घरची गच्ची. म्हणजे शरू, तू इकडे आली आहेस, कधीची ते मला माहीत नाही, आणि माझ्या घरापासून पाऊण तासावर आहेस. पत्राला तीन दिवस लागतात. गाडीला पाऊण तास.

कोण कोणाकडे गेलं, आधी कोण बोललं, ते मी विचारत नाही. मला सांगूही नका.

स्पीकर मांडीत घेऊन बघितलं. मृणाल पाटावर बसला आहे, तू भिंतीला टेकून. लॅपटॉप नाही. तोंड किती उघडतेस ते बघितलं, जेमतेम. म्हणजे हळू गाते आहेस. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. अंगठा येत होता, चपला घालून फिरल्यासारखा. मग तिसरी ओळ आली. तुझा खांदा वर गेला आणि माझ्या मांडीतला स्पीकर थांबला. अर्धं पाऊल. मग तू सुरू झालीस आणि तोही.

नूपुरला परत लावायला सांगितलं. ती म्हणाली, ‘माशीमा, आठव्यांदा लावते आहे.’ मी म्हटलं, मोजत बसू नकोस.

गाणं कसं झालं ते मला विचारलेलं नाही, आणि विचारलंत तर सांगता येणार नाही. ऐकू आलं नाही. थांबला, एवढं सांगू शकते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुझा बाप येतो आहे. मी जाईन की नाही ते अजून मी त्याच्या वहीत लिहिलेलं नाही. तोवर टेबल इथेच आहे. आमंत्रण देत नाही. तुम्हाला यावंसं वाटलं तर या, नाही वाटलं तर पुढे जिथे गायला जाल तिथून पत्ता कळवा, मी लिहीन.

एक राहिलं. दाराची घंटा कधीच बिघडलेली नव्हती. दुरुस्तीवाल्याला मी बोलावलंच नाही. तेव्हा आलात तर घंटा वाजवत उभे राहू नका, मला ऐकू येत नाही. दुपारी चारपासून दार नुसतं लोटलेलं असतं. ढकला आणि आत या.

आजी